पेनड्राइव्हवरून बूट केलं म्हणून डेटा उडत नाही
"पेनड्राइव्ह लावून बूट केलंस की सी, डी सगळे ड्राइव्ह साफ, भावा!" कोल्हापुरात राजारामपुरीत दुरुस्तीच्या दुकानात बसलं की हे अजून कानावर पडतं. मेहुण्याचा लॅपटॉप विंडोजमध्ये शिरेना, आत लेकीच्या बारशाचे फोटो. तरी तो पेनड्राइव्ह लावू देईना.

बूट करणं म्हणजे सुरुवात कुठून करायची एवढंच सांगणं. लॅपटॉप चालू करताना एफ१२, काहींत एफ९ किंवा एस्केप दाबत राहिलं की यादी येते, त्यात पेनड्राइव्ह निवडायचा. पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच एक मोफत सिस्टीम) असेल आणि तिचा 'ट्राय' पर्याय घेतला तर ती पेनड्राइव्ह आणि रॅम, म्हणजे तात्पुरती मेमरी, एवढ्यावरच चालते. तुम्ही सांगितल्याशिवाय हार्डडिस्कवरचं काही पुसत नाही. फोटो आम्ही असेच दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवले.

मग ही समजूत आली कुठून? बहुतेक विंडोज नव्याने टाकण्यावरून. तिथंही नुसत्या बूटने काही जात नाही. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, निवडून 'फॉरमॅट' किंवा 'डिलीट' दाबलं की जातं. दुकानात ते बटण दुसराच कोणी दाबतो, आपण तोवर चहाला गेलेलो असतो.

पुसला जातो तो पेनड्राइव्ह! रूफससारख्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे बूट करण्याजोगा, करताना त्यातलं सगळं जातं. तशी सूचना येते, पण वाचतो कोण?

एक खरी अडचण मात्र आहे. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटाला लावलेलं कुलूप, असेल तर उबुंटूतून फायली उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधी तिथं बघा.