रेल्वे-सट्ट्यावरची जुनी व्यंगचित्रं: फ्रेमला देण्याआधी

काठ कापू नका. आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांना पहिली विनंती हीच असते.

1845च्या सुमारास ब्रिटनमध्ये रेल्वेच्या शेअरांचं वेड लागलं होतं. किमतीच्या साधारण दहा टक्के अनामत भरली की शेअरचा कागद हातात यायचा, भाव चढला की तो विकून लोक मोकळे व्हायचे. उरलेली रक्कम कंपनी पुढे हप्त्याहप्त्याने मागायची. ती मागणी आली तेव्हा कित्येक कुटुंबं बुडाली. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाने या सगळ्यावर चित्रांचा मारा केला. जुन्या बाजारात मिळणारी पानं बहुधा त्याच्या बांधीव खंडांतून सुटलेली असतात.

यातलं बरंचसं मर्म चित्राखालच्या ओळीत असतं. यॉर्कचा कापडव्यापारी जॉर्ज हडसन ‘रेल्वेचा राजा’ म्हणून मिरवत होता, तो 1849मध्ये कोसळला. त्याचं चित्र वैभवातलं आहे की पतनाचं, हे वर्षावरून कळतं, आणि वर्षाचा धागा बहुधा मथळ्यात किंवा पानाच्या क्रमांकात सापडतो. कोट घातलेला, शिंगं असलेला प्राणी दिसला तर तो ‘स्टॅग’, म्हणजे नर हरिण: शेअर पदरात पडताच नफ्यावर विकणाऱ्याला लंडनच्या बाजारात दिलेलं नाव. ‘रेल्वे जगरनॉट ऑफ 1845’ या व्यंगचित्राच्या मथळ्यातलं नाव आपल्या पुरीच्या जगन्नाथाचं आहे. भक्त रथाखाली जीव देतात हा तेव्हाचा युरोपीय समज त्यात आहे. त्यावरून रथयात्रेचा अंदाज बांधू नये. ‘पंच’चा चित्रकार जॉन लीच याची सही शोधायची तर कोपरे बघा. त्याच्या आडनावाचा अर्थ जळू, म्हणून काही चित्रांत तो सहीऐवजी बाटलीतली जळू काढायचा. काठ कापताना पहिला बळी तिचाच जातो.

अस्सल पान ओळखायला दहापट भिंग पुरतं. ही चित्रं बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर कोरलेली असत. ते झाड बारीक खोडाचं, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे एकत्र जोडत. रेषांमधून सरळ जाणारी केसाएवढी पांढरी फट दिसली तर तो सांधा आहे, दोष नव्हे. रेषेऐवजी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती बरीच नंतरची नक्कल. त्या काळचा ‘पंच’ काळ्या शाईतच छापला जाई. रंग असेल तर तो पुढे कुणीतरी हाताने भरलेला असतो. असं पान पाण्याजवळ नेऊ नका, रंग फुटतो.

1845चा कागद मुख्यतः चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून तो अजून लवचीक असतो. त्याला मारतो तो आपला पावसाळा. मुंबईत आणि कोकणात भिंतीच्या ओलीने मागून बुरशी धरते आणि तपकिरी ठिपके पडतात. ते घालवायला घरी ब्लीच लावू नका. ठिपका फिकट होतो, पण कागदाचा जीव जातो.

आम्ही चित्र आम्लरहित बोर्डवर ठेवतो आणि फक्त वरच्या काठाला, दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावतो. ही खळ पुढे पाण्याने सुटते. फेव्हिकॉल आणि दुहेरी टेप सुटत नाहीत. टेपचा डिंक कागदात मुरून पिवळा डाग उठतो. चारही बाजू चिकटवल्या तर दमट हवेत कागद फुगतो आणि जागा नसल्याने सुरकुत्या पडतात. चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याला, म्हणजे माउंटला, खिडकी कापताना चित्राखालची ओळ आणि वर निदान 5 मिमी कोरा कागद उघडा ठेवतो. काच कागदाला टेकू नये म्हणून मधला माउंट किमान 1.5 मिमी जाड हवा. टेकली तर घामटलेल्या काचेला शाई चिकटते. मागे प्लायवूड वापरत नाही, त्यातून आम्ल येतं. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावतो, म्हणजे भिंतीशी हवा खेळते. बाथरूमला लागून असलेली भिंत मात्र टाळाच.

लॅमिनेशन आम्ही करत नाही, मागितलं तरीही. ते परत काढता येत नाही.

पान आणताना गुंडाळी करू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, आणि सोबत खंडाचं मुखपृष्ठ सापडलं तर तेही आणा.