छर्‍याच्या मागून येणारी हवा : एअर रायफलच्या नळीची पार्श्वभूमी

जत्रेत फुगे फोडायची बंदूक हातात घेतली आणि चार छर्रे वाया गेले की माणूस स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो. शंका घ्यायची तर नळीवर घ्यावी, आणि त्याआधी तिच्या बिजागरीवर. ही बंदूक मधोमध मोडून आतली स्प्रिंग ताणायची, छर्रा घालायचा, नळी खटकन परत बसवायची. दिवसभरात शे-दोनशे वेळा हे झालं की काही महिन्यांत बिजागरी ढिली पडते आणि नळी दर वेळी केसभर वेगळ्या जागी बसते. मागची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, बंदुकीच्या अंगावर, पुढची नळीवर, त्यामुळे दोघींचं जमेनासं होतं. फुगेवाल्याला मुद्दाम काही बिघडवावं लागत नाही.

त्या बंदुकीचा ‘टप्प’ आवाजही नळीच्या तोंडाचा असतो असं आपण धरून चालतो. तो बराचसा मागून, गालाजवळून येतो : स्प्रिंगने ढकललेला दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर आदळतो त्याचा. तोंडाशी होणारा आवाज निराळा. छर्रा बाहेर पडताच त्याच्या मागची दाबलेली हवा मोकळी होते, तिचा तो फटका. नेमाचा प्रश्नही तिथेच उभा राहतो, कारण छर्‍याला इतका वेळ ढकलत आणणारी हवा बाहेर पडताना त्याच्याही पुढे धावते. ती एका बाजूने जरा जास्त निसटली तर छर्‍याची शेपूट हलते. नळीच्या रचनेचा सगळा इतिहास म्हणजे या हवेचं काय करायचं याचा इतिहास आहे, असं माझं मत.

हवेची बंदूक हे खेळणं म्हणून सुरू झालं नाही. १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने टायरॉलमधल्या बार्तोलोमेओ जिरांदोनीची रायफल वापरात घेतली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी, आणि ती भरायला हातपंपाचे दीड हजाराच्या आसपास झटके लागत. नळीत गोळीला फिरवणारे वळणदार चर कापलेले, बाजूच्या नळकांड्यात वीसेक गोळ्या. जर्मन भाषेत असल्या बंदुकीचं नाव ‘वाऱ्याची रायफल’. तिच्या निःशब्दपणाच्या दंतकथा फार, पण ती निःशब्द नव्हती. तिचा खरा फायदा धूर आणि ज्वाळा नसण्याचा. गोळी कुठून आली ते समोरच्याला दिसत नसे. दोष मात्र ठसठशीत होता : टाकीतला दाब प्रत्येक बारासोबत उतरायचा, गोळीचा वेग घटायचा आणि नेम खाली सरकायचा. अमेरिकेत १८०३ ते १८०६ या काळात पश्चिमेकडे गेलेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतही एक हवाई रायफल होती. तिथल्या जमातींवर छाप पाडायला ते ती उडवून दाखवत.

पुढच्या शंभरेक वर्षांत ही बंदूक दोन वाटांनी गेली. एक वाट खेळण्याची. मिशिगनमधल्या प्लिमथची पवनचक्क्यांची एक कंपनी १८८८च्या सुमारास शेतकऱ्यांना भेट म्हणून छोटी हवाई बंदूक देऊ लागली. बंदूकच इतकी खपली की कंपनीने पुढे तिचंच नाव घेतलं : डेझी. तिच्या नळीला चर नव्हते. गुळगुळीत नळीतून गोल गोळी जाते, पण स्वतःभोवती फिरत नाही, म्हणून चार पावलांवरच्या डब्यापुरतीच ती ठीक.

दुसरी वाट नेमाची, इंग्लंडमधली. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीजने १९०४ साली पेटंट घेतलेली रायफल बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) हा बंदुकांचा कारखाना बनवू लागला. तिच्यात नळी मोडायची नाही, ती कायमची घट्ट. स्प्रिंग ताणायला नळीखाली वेगळा दांडा. जत्रेतल्या बंदुकीचा रोग शंभर वर्षांपूर्वीच ओळखून त्याचा उपाय निघाला होता तो असा.

मग राहिला झटका. स्प्रिंगची बंदूक छर्रा नळीत असतानाच आधी मागे आणि मग पुढे हिसका देते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत बंदुका बनवायला बंदी होती. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातून बाहेर पडलेल्या वेस्टिंगर आणि आल्टेनबर्गर या दोन अभियंत्यांनी १९४९ साली फाइनवेर्कबाउ ही कंपनी काढली. १९६१च्या त्यांच्या १५० मॉडेलमध्ये नळीसकट सगळी यंत्रणा लाकडी दस्त्यात रुळांवर बसवलेली होती. बार झाला की ती आतल्या आत मागे घसरायची आणि खांद्याला काही कळायचं नाही. पुढे स्प्रिंगच्या जागी दाबलेला कार्बन डायऑक्साइड आला, मग २०० बारपर्यंत, म्हणजे साध्या हवेच्या सुमारे दोनशे पट दाबाच्या हवेचे सिलिंडर आले, आणि जिरांदोनीची टाकी दस्त्यातून निघून नळीखाली लटकली. या वेळी सोबत रेग्युलेटर होता. सिलिंडरमध्ये दाब कितीही असो, छर्‍यामागे तो प्रत्येक बाराला सारखाच. स्प्रिंग गेली तसा गालाजवळचा आवाजही गेला, आणि उरला तो फक्त तोंडाशी सुटणाऱ्या हवेचा.

दहा मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरायच्या स्पर्धेतली आजची रायफल लांब दिसते, पण त्या लांबीत फसू नये. खरी, चरांची नळी साधारण ४२ सेंटिमीटरच असते. तिच्या पुढे दिसते ती पोकळ नळी, पुढची साइट डोळ्यापासून लांब नेण्यासाठी जोडलेली. नळी जितकी लांब तितका नेम चांगला, ही समजूत इथे लागू पडत नाही. छर्रा नळीत तीन-चार मिलिसेकंदच असतो, पण तेवढ्यातही हात हलतो. नळी वाढवली की हलायला वेळ वाढतो. आवाजापुरतं पाहिलं तर लांब नळी बरी, कारण हवा आतच जास्त पसरते आणि तोंडाशी पोचेपर्यंत तिचा जोर कमी झालेला असतो. नेम आणि आवाज यांची इथे फारकत होते, आणि खेळाच्या रायफलीत नेमाचा कौल मानला जातो.

या नळीत सहसा बारा चर असतात आणि त्यांचा एक वेढा ४५० मिलिमीटरला पुरा होतो. म्हणजे नळीच्या आत छर्रा एक गिरकीसुद्धा पूर्ण घेत नाही! तरी १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने बाहेर पडताना तो मिनिटाला बावीस हजारांहून जास्त फेऱ्यांच्या गतीने फिरत असतो, आणि दहा मीटरवरच्या कागदापर्यंत त्याच्या बावीस गिरक्या होतात. कमरेशी बारीक असलेल्या, अर्ध्या ग्रॅमच्या या शिशाच्या तुकड्याला तेवढ्या पुरतात. वेग ध्वनीच्या निम्माच असल्याने बाहेर पडल्यावर हवेत कडाडण्याचा प्रश्न नाही.

तोंडाशी दोन बारीक कामं केलेली असतात. नळीचा शेवटचा भाग मिलिमीटरच्या शतांशांत आवळलेला असतो, जेणेकरून प्रत्येक छर्रा निघताना एकाच मापाचा व्हावा. आणि त्याच्या पुढे असतं बाजूंना वाटा असलेलं एक छोटं तोंड. छर्रा मधून सरळ जातो, मागून येणारी हवा चहूकडे सारखी वळवली जाते.

दहा मीटर एअर रायफलची ही स्पर्धा १९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिम्पिकमध्ये आली. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने तिचं सुवर्ण जिंकलं. आपल्याकडच्या अंजली भागवत सिडनीत आणि सुमा शिरूर अथेन्सला अंतिम फेरीत होत्या, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत जगज्जेता झाला. या खेळात दहाच्या गुणाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्‍याने ठिपका पुरता गिळला तरी तो किती मधोमध गेला हे दशांशात मोजलं जातं. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांच्या एका प्रकारात हे मोजमाप मायक्रोफोन करतात. छर्रा लागल्याचा आवाज कोपऱ्यांतल्या मायक्रोफोनना किंचित मागेपुढे पोचतो, आणि त्या फरकावरून यंत्र जागा काढतं. नळीच्या तोंडाशी नको असलेला आवाज दहा मीटर पुढे गुण सांगायला हवा असतो.