चिरेखाणीत राख पडण्याआधी विहिरीचं पाणी तपासून घ्या

विहिरी उपसणं, गाळ काढणं आणि पाणी तपासून देणं हे आमचं काम. सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची, जुनी चिरेखाण (जांभा दगडाचे चिरे काढलेला खड्डा) औष्णिक वीज प्रकल्पाच्या राखेनं बुजवायचं घाटत असेल आणि खाली तुमची विहीर असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे.

कोळसा जळतो, पण त्यातलं आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्रोमियम, शिसं बरंचसं राखेतच उरतं, आणि कोळशात होतं त्याहून दाट होऊन उरतं. हीच राख सिमेंटमध्ये, विटांमध्ये किंवा पेव्हर ब्लॉकमध्ये गेली की हे घटक बऱ्याच अंशी जखडले जातात. तो वापर चांगलाच आहे, तो वाढायला हवा. भीती आहे ती सुटी राख खड्ड्यात ओतण्याची.

कारण आपली जमीन. जांभा सच्छिद्र, भेगाळ आणि पोकळ्यांचा. किनारपट्टीवर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस त्यातून खाली उतरतो, चिकणमातीच्या थरावर अडतो आणि आडवा सरकत पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना येऊन मिळतो. चिरेखाणीत वरचा कडक कातळ आधीच कापून नेलेला असतो. तळाला अस्तर नसेल, तर पावसाळाभर राख भिजत राहते आणि तिच्यातलं विरघळलेलं सगळं याच वाटेनं खाली येतं.

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या गॅम्ब्रिल्स गावाजवळ नेमकं असंच झालं. तिथल्या वाळू-खडीच्या जुन्या खाणींत १९९५ पासून वीजकेंद्राची राख टाकली गेली आणि पुढे आसपासच्या घरांच्या विहिरी दूषित झाल्या. २००७ मध्ये वीज कंपनीला १० लाख डॉलर दंड झाला. रहिवाशांनी दावा लावला, तो २००८ मध्ये ५.४ कोटी डॉलरवर मिटला. पण पैसे मिळाले म्हणून विहीर पूर्वीसारखी होत नाही.

जांभ्यातलं लोह आर्सेनिक काही प्रमाणात धरून ठेवतं, हे खरं. त्यावर विसंबू मात्र नका. बोरॉन आणि सल्फेट सहसा अडत नाहीत, म्हणून विहिरीत आधी तेच दिसतात. खाडीकाठच्या विहिरींत मात्र घोटाळा होऊ शकतो, कारण समुद्राच्या पाण्यातही हे दोन्ही असतात. तिथे क्लोराइड सोबत मोजावं लागतं. खारं पाणी शिरलं असेल तर क्लोराइड सल्फेटच्या साधारण सातपट असतं. क्लोराइड जागच्या जागी आणि सल्फेट मात्र वाढलेलं, असं दिसलं की राखेचा संशय घ्यावा. पाण्याला लोखंडाची चव येणं किंवा भांड्यावर तांबूस डाग पडणं हे आपल्याकडे नेहमीचंच, त्यावरून राखेबद्दल काही ठरत नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० नुसार आर्सेनिक, सेलेनियम आणि शिसं प्रत्येकी लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. इतकं कमी प्रमाण रंगात, वासात, चवीत कळत नाही. पाणी उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटून ते दाट होतात. तुरटी, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, यूव्ही फिल्टर यांचाही इथे उपयोग नाही. आरओ बरेच धातू कमी करतो, पण बोरॉन त्यातून पुरतं जात नाही.

राख पडण्यापूर्वीचा अहवाल हातात असणं सगळ्यात महत्त्वाचं. तो नसेल तर पुढे "तुमच्या पाण्यात हे आधीपासूनच होतं" या एका वाक्यावर तुमची तक्रार अडते. म्हणून एक नमुना मे महिन्यात, पाणी तळाला असताना, आणि दुसरा पाऊस ओसरल्यावर घ्या. तपासणी सांगताना धातू, बोरॉन, सल्फेट आणि क्लोराइड ही नावं घेऊन सांगा. नेहमीच्या जंतू-क्षाराच्या तपासणीत हे धातू सहसा पाहिले जात नाहीत.

भराव घालणाऱ्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीची प्रत मागा. नसेल तर ग्रामपंचायत, तहसीलदार आणि मंडळाकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या.

नमुन्यासाठी बाटल्या आमच्याकडूनच न्या. धातूंच्या बाटलीत थोडं आम्ल घातलेलं असतं, ती विसळू नका. बोरॉनसाठी काचेची बाटली चालत नाही. बोअरवेल असेल तर पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून मग पाणी भरा, बाटलीवर तारीख आणि विहिरीची जागा लिहा, आणि त्याच दिवशी आणून द्या.