मूलपेशीयुक्त जाळी

हर्नियाच्या, म्हणजेच अंतर्गळाच्या, शस्त्रक्रियेत पोटाची कमकुवत झालेली भिंत सावरण्यासाठी कृत्रिम जाळी बसवतात. शरीराने ती अधिक सहजपणे सामावून घ्यावी म्हणून तिच्यावर जिवंत मूलपेशींचा (स्टेम सेलचा) थर दिला, की तिला मूलपेशीयुक्त जाळी म्हणतात. ही पद्धत अद्याप मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांच्या टप्प्यात असून नेहमीच्या उपचारांत तिचा समावेश झालेला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील एदोआर्दो बासिनी यांनी जांघेतील हर्नियासाठी थरावर थर शिवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. मात्र शिवलेल्या ऊती ताणाखाली राहत आणि टाके हळूहळू सैल पडत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन शल्यचिकित्सक फ्रान्सिस अशर यांनी प्लास्टिकची जाळी वापरात आणली. पुढे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची जाळी आणि अर्विंग लिक्टेन्स्टाइन यांची ताणरहित शस्त्रक्रिया जगभर पसरली. जाळीमुळे नेमके किती साधले, हे नेदरलँड्समधील एका चाचणीत दिसते. आधीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून उद्भवलेल्या हर्नियात, नुसते टाके घातलेल्यांपैकी 43 टक्के रुग्णांना तीन वर्षांत हर्निया पुन्हा झाला, तर जाळी बसवलेल्यांपैकी 24 टक्क्यांना. दहा वर्षांनी हेच आकडे 63 आणि 32 टक्के झाले. जाळी निःसंशय सरस ठरली, पण तिच्यासह दर तीन रुग्णांमागे जवळपास एकाला पुन्हा त्रास व्हावा, हे कोणालाही समाधानकारक वाटणार नाही.

यामागे जाळीचा कमकुवतपणा हे कारण क्वचितच असते. पॉलिप्रॉपिलीनचा धागा पोटाच्या गरजेपेक्षा कितीतरी बळकट असतो. प्रश्न असतो तो शरीर त्या धाग्याशी कसे वागते याचा. जाळी बसताच मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तिच्याभोवती जमतात, काही एकमेकींत मिसळून मोठ्या बहुकेंद्रकी पेशी बनतात आणि प्रत्येक धाग्याला तंतुमय कवच चढते. भोके बारीक असतील तर शेजारच्या धाग्यांची कवचे एकमेकांना भिडून सलग व्रणपट्टा तयार होतो, जाळी आक्रसते, ताठर होते आणि तिच्या कडांशी नवी फट पडू शकते. काही रुग्णांत यातून दीर्घकाळ वेदना राहतात. जाळी आतड्यांच्या संपर्कात असेल तर आतडी तिला चिकटतात. मोठ्या भोकांच्या हलक्या जाळ्यांनी हा त्रास कमी होतो, पण पूर्णपणे टळत नाही.

मूलपेशींचे काम नेमके याच ठिकाणी अपेक्षित आहे. त्यासाठी अस्थिमज्जेतून किंवा पोटाच्या चरबीतून मिळणाऱ्या मेसेनकायमल मूलपेशी (हाड, कूर्चा, चरबी अशा ऊती घडवू शकणाऱ्या पेशी) वापरतात. या पेशी जाळीवर नवा स्नायू उगवतील, ही समजूत बरोबर नाही. त्यांतील बहुतेक काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीशा होतात. तेवढ्या अवधीत त्या जी प्रथिने आणि सूक्ष्म पुटिका (पेशीतून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्या) स्रवतात, त्यांच्या प्रभावाने दाह भडकवणारे मॅक्रोफेज ऊती दुरुस्त करणाऱ्या प्रकाराकडे वळतात, नव्या रक्तवाहिन्यांना चालना मिळते आणि ऊतींना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाची मांडणी अधिक सुबक होण्याची शक्यता वाढते. थोडक्यात, पेशी टिकल्या नाहीत तरी बरे होण्याच्या पहिल्या दिवसांची दिशा त्या बदलू शकतात.

पेशी गुळगुळीत प्लास्टिकवर चांगल्या धरत नाहीत, म्हणून फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या तंतुमय प्रथिनाचा, आधार घेतात. एका द्रावात फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनते ते प्रथिन) आणि पेशी, दुसऱ्यात हा बदल घडवणारे थ्रॉम्बिन. दोन्ही जाळीवर एकत्र आले, की जखमेवर रक्त गोठते त्याच क्रियेने थोड्याच वेळात पातळसर जेल तयार होते आणि भोकाभोकांत पेशी अडकून राहतात. स्पेनमधील कासेरेस येथील संशोधकांनी अशी जाळी उंदरांमध्ये बसवून तिच्याभोवती दुरुस्ती करणाऱ्या मॅक्रोफेजांचे प्रमाण वाढल्याचे दाखवले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे कॅरोलिन गार्गेट यांच्या गटाने गर्भाशयाच्या अस्तरातील मूलपेशी वापरून, स्त्रियांच्या ओटीपोटातील अवयव खाली सरकण्याच्या विकारासाठी अशाच प्रकारच्या जाळीवर काम केले आहे. हे निष्कर्ष आशादायक आहेत. तथापि उंदराच्या पोटावर खोकल्याचा, ओझे उचलण्याचा किंवा लठ्ठपणाचा माणसाइतका भार येत नाही, हे विसरून चालणार नाही.

व्यवहारातील अडचणीही मोठ्या आहेत. साधी जाळी इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करून वर्षानुवर्षे कपाटात ठेवता येते. जिवंत पेशींना तो वायू मारून टाकेल. रुग्णाच्याच पेशी घ्यायच्या, तर त्या प्रयोगशाळेत वाढवायला काही आठवडे लागतात, आणि आतडे अडकून तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते तेव्हा एवढी सवड नसते. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर झालेल्या हर्नियात पेशींची वाढ घडवणारे स्राव धोक्याचे ठरतील का, हा प्रश्नही गंभीर आहे. त्यामुळे काही संशोधक पेशींऐवजी केवळ त्यांच्या पुटिकांचा थर देण्याकडे वळले आहेत.

खर्चाचा विचार करताना धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक रवींद्रनाथ टोणगावकर यांचे काम आवर्जून नोंदवायला हवे. मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून त्यांनी ते हर्नियासाठी जाळी म्हणून वापरले आणि अनेक केंद्रांतील त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे युगांडातील 302 पुरुषांवरच्या चाचणीतही मच्छरदाणीची स्वस्त जाळी एका वर्षाच्या अखेरीस महागड्या जाळीच्या तोडीची ठरली. जांघेच्या साध्या हर्नियासाठी एवढे स्वस्त साधन पुरेसे असेल, तर मूलपेशींचा खर्च तेथे समर्थनीय ठरणे कठीण आहे. वारंवार उद्भवणारे, पोटाच्या मध्यभागी मोठी फट पडलेले किंवा जंतुसंसर्ग झालेले हर्निया हेच त्यांचे खरे क्षेत्र आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील रक्तजनक मूलपेशींचे रोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. हर्नियाच्या रुग्णाला हा उपचार पैसे घेऊन नेहमीचा उपचार म्हणून देऊ करणे या तत्त्वांत बसत नाही.