पाणबुडी, केबल आणि अमेरिकेची तटस्थता

4 ऑगस्ट 1914 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी युरोपातल्या युद्धात आपला देश तटस्थ राहील, असे जाहीर केले. 5 ऑगस्टच्या पहाटे ‘अलर्ट’ या ब्रिटिश जहाजाने इंग्लिश खाडीच्या तळाशी गळ टाकून जर्मनीच्या तारसंदेश वाहून नेणाऱ्या केबल वर ओढल्या आणि तोडून टाकल्या. पहिली बातमी जगभर छापून आली, दुसरी फारशी कोणाच्या लक्षातही आली नाही. 32 महिन्यांनी अमेरिका त्याच युद्धात उतरली. ती कशी ओढली गेली हे शोधायचे, तर मी विल्सन यांच्या भाषणांआधी या तुटलेल्या तारांकडे पाहीन.

केबल गेल्यावर जर्मनीजवळ बिनतारी संदेश उरले, आणि ते कोणालाही ऐकता येत. युरोपातून अमेरिकी वृत्तपत्रांकडे जाणाऱ्या बातम्यांची मुख्य वाट आता लंडनमधून, ब्रिटिश सेन्सॉरच्या नजरेखालून जात होती. मालाचेही तेच झाले. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार तटस्थ देशाला दोन्ही बाजूंशी व्यापार करता येतो. पण ब्रिटिश नाकेबंदीमुळे अमेरिकेची जर्मनीला होणारी निर्यात 1916पर्यंत जवळजवळ शून्यावर आली आणि ब्रिटन-फ्रान्सकडची कित्येक पटींनी वाढली. बाजार सर्वांना खुला होता, फक्त एका गिऱ्हाइकाची वाट बंद होती.

रोख पैसे संपल्यावर उधारी आली. युद्धाच्या सुरुवातीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी लढणाऱ्या देशांना कर्ज देणे खऱ्या तटस्थतेत बसत नाही, असे ठणकावले होते. ऑक्टोबर 1915मध्ये मात्र जे. पी. मॉर्गन यांच्या पेढीमार्फत ब्रिटन आणि फ्रान्सला 50 कोटी डॉलरचे कर्ज उभे राहिले. सावकारांनीच देशाला युद्धात ढकलले, ही गोष्ट पुढे 1930च्या दशकात अमेरिकेत फार लोकप्रिय झाली. मला ती पुरती पटत नाही. नोव्हेंबर 1916मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनेच ब्रिटन-फ्रान्सच्या विनातारण हुंड्या घेऊ नका, असा जाहीर इशारा दिला होता. पैशाने अमेरिकेला एका बाजूला कलवले, तोफांपर्यंत नेले ते पाणबुडीने.

त्या काळची पाणबुडी ही खरे तर अधूनमधून बुडी मारू शकणारी लहानशी बोट होती. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून ते फक्त पृष्ठभागावर चाले. पाण्याखाली सगळा भार शिशाच्या जड बॅटऱ्यांवर. ‘यू-20’ ही जर्मन पाणबुडी वरती सुमारे 15 नॉटने (तासाला 28 किलोमीटरने) धावे, खाली जेमतेम 9 नॉटने, आणि तो वेगही थोडाच वेळ टिके. व्यापारी जहाज बुडवण्याचे जुने नियम मोठ्या युद्धनौकांसाठी होते: आधी इशारा द्या, झडती घ्या, माणसांना सुरक्षित जागी पोहोचवा, मग जहाज बुडवा. पस्तीसेक खलाशांच्या या पाणबुडीत शेकडो प्रवासी घेणार कुठे? इशारा द्यायला वर आली, तर व्यापारी जहाजावरची एखादी तोफ किंवा जहाजाची नुसती धडकसुद्धा तिच्या पातळ कवचाला पुरेशी होती. दबा धरून, न सांगता मारणे हीच तिची ताकद. नियम पाळणारी पाणबुडी जवळजवळ निरुपयोगी ठरे, आणि न पाळणारी तटस्थांनाही मारी.

7 मे 1915 रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘यू-20’ने ‘लुसिटानिया’ या ब्रिटिश प्रवासी जहाजावर एक टॉर्पेडो सोडला. जहाज 18 मिनिटांत बुडाले. सुमारे 1,200 माणसे गेली, त्यांत 128 अमेरिकी होती. जहाजावर रायफलची काडतुसेही होती, पण त्याने जनमत बदलले नाही. तरीही अमेरिकेने युद्ध पुकारले नाही. निषेधाचे खलिते गेले आणि मार्च 1916मधल्या ‘ससेक्स’ या फ्रेंच प्रवासी जहाजावरच्या हल्ल्यानंतर जर्मनीने इशाऱ्याशिवाय व्यापारी जहाजे न बुडवण्याचे वचन दिले. हा विल्सन यांचा विजय वाटला. पण शांतता किती टिकणार, हे आता बर्लिनच्या हातात गेले. जर्मनीने वचन मोडले, तर विल्सन यांना गप्प बसता येणार नव्हते.

डिसेंबर 1916मध्ये जर्मन नौदलप्रमुख होल्त्सेनडॉर्फ यांनी एक हिशेब मांडला: महिन्याला 6 लाख टन जहाजे बुडवली, तर ब्रिटन पाच महिन्यांत गुडघे टेकेल. अमेरिका चिडेल, पण तिचे सैन्य पोहोचेपर्यंत खेळ संपलेला असेल. 1 फेब्रुवारी 1917पासून पाणबुड्यांवरचे सगळे निर्बंध उठले.

आता त्या तुटलेल्या केबलचा दुसरा परिणाम पाहा. शांततेच्या वाटाघाटी सुकर व्हाव्यात, म्हणून विल्सन यांनी जर्मनीला अमेरिकी वकिलातीची तार वापरू दिली होती. त्याच तारेवरून जानेवारीत जर्मन परराष्ट्रमंत्री त्सिमरमान यांचा सांकेतिक संदेश वॉशिंग्टनला गेला. त्यातला प्रस्ताव असा: अमेरिका युद्धात आलीच, तर मेक्सिकोने तिच्यावर हल्ला करावा. बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला जर्मनी साथ देईल. ही तार ब्रिटनमधून जाई आणि तिथे ‘रूम 40’ ही ब्रिटिश नौदलाची सांकेतिक संदेश उलगडणारी शाखा ती वाचत बसलेली होती. या संदेशाच्या सांकेतिक कोशात शब्दांना आकडे दिलेले होते, तेही कोणत्याही क्रमाशिवाय, त्यामुळे सुरुवातीला मजकूर तुकड्यातुकड्यांनीच लागला. वॉशिंग्टनहून मेक्सिकोला तो पुढे पाठवताना मात्र जुना कोश वापरला गेला. ब्रिटिशांनी त्या कोशाचा बराच भाग आधीच उलगडला होता. मेक्सिकोच्या तारघरातून प्रत मिळवल्यामुळे, आपण अमेरिकेचीच तार ऐकतो हे त्यांना लपवताही आले. 1 मार्चला मजकूर वृत्तपत्रांत आला. हा बनाव आहे, असे म्हणणारे बरेच होते. तो खरा असल्याचे त्सिमरमान यांनी स्वतःच सांगून टाकले.

मार्चच्या मध्यावर तीन अमेरिकी जहाजे बुडाली. 6 एप्रिल 1917 रोजी प्रतिनिधिगृहाने 373 विरुद्ध 50 मतांनी युद्धाला मान्यता दिली. त्या एप्रिलमध्ये पाणबुड्यांनी 8 लाख टनांहून अधिक जहाजे बुडवली, म्हणजे होल्त्सेनडॉर्फ यांच्या अंदाजापेक्षाही जास्त. पण मे महिन्यात अमेरिकी विनाशिका (डिस्ट्रॉयर युद्धनौका) आयर्लंडला पोहोचल्या, व्यापारी जहाजे संरक्षक ताफ्यांतून निघू लागली आणि हा आकडा हळूहळू उतरत गेला. एकही अमेरिकी सैनिक युरोपच्या भूमीवर उतरणार नाही, असा शब्द होल्त्सेनडॉर्फ यांनी कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, दिला होता. युद्ध थांबले तेव्हा तिथे सुमारे 20 लाख होते.