माध्यमनीती आणि सामाजिक जबाबदारी : इंदूरच्या संदर्भात

बातमी मिळवताना, पारखताना, छापताना वा दाखवताना पाळायचे आणि चूक झाल्यास ती निस्तरण्याचे जे संकेत असतात, त्यांना माध्यमनीती म्हणतात. काय छापता येणार नाही, ते कायदा सांगतो. नीतीचे प्रश्न त्याच्या अलीकडे सुरू होतात : जे छापता येते ते छापावे का, कोणत्या शब्दांत, केवढ्या मथळ्याने, आणि ज्याच्याविषयी छापले त्याचे उद्या काय होईल. नाना जातीधर्मांच्या वस्तीत यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत जड असतो, कारण तिथे एका माणसाची बातमी बघता बघता त्याच्या जातीची, धर्माची, मोहल्ल्याची बातमी होऊन बसते.

या विषयाकडे इंदूरहून पाहण्याला कारण आहे. होळकरांच्या या राजधानीत माळवी, हिंदी, उर्दू, मराठी, गुजराती, सिंधी बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. 1849 साली इथून निघालेला ‘मालवा अखबार’ हिंदी आणि उर्दू अशा दोन भाषांत छापला जाई. म्हणजे या भागातल्या छापील बातमीची सुरुवातच एका वाचकवर्गाला धरून झालेली नाही. मराठी माणसाचे इथले स्थान तर दुहेरी आहे. एके काळी त्याची भाषा दरबाराची होती. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने या शहरात भरली. पण रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या मराठी घराच्या दारात सकाळी पडते ते हिंदी वर्तमानपत्र. राज्यकर्त्यांची भाषा बोलणारा आणि भाषेने अल्पसंख्य असलेला, अशा दोन्ही बाजू एकाच घराण्याने पाहिल्या आहेत. माध्यमांकडून कोणाला काय मिळते याची जाण त्यातून येते, निदान यायला हवी.

ही जाण साध्या अक्षरापासून सुरू होते. हिंदी छपाईत सहसा ‘ळ’ नसतो. त्यामुळे होळकरांचे ‘होलकर’ होते आणि काळे यांचे ‘काले’. निधनाच्या आणि उठावन्याच्या (निधनानंतरच्या शोकसभेच्या) जाहिरातीत आपल्या वडिलांचे आडनाव बदललेले पाहून खट्टू झालेली माणसे या शहरात घरोघर भेटतील. कोणी याला बारीकसारीक गोष्ट म्हणेल. पण ज्याचे नाव छापतो ते त्याला विचारून, तपासून, त्याच्या उच्चाराप्रमाणे छापणे ही बातमीदाराची पहिली सभ्यता आहे. आणि मराठी वाचकाने हेही ध्यानात घ्यावे, की उर्दू नावांतले नुक्ते (अक्षराखालची टिंबे) गाळून किंवा भिलाली ही आदिवासी बोली बोलणाऱ्या गावांची नावे मोडून लिहिताना आपणही तेच करतो.

‘सामाजिक जबाबदारी’ हा सिद्धांत पाठ्यपुस्तकांतून अमेरिकेच्या हचिन्स आयोगाच्या नावावर सांगितला जातो. वृत्तपत्र-स्वातंत्र्यासंबंधीच्या या आयोगाचा अहवाल 1947 मध्ये आला. माध्यमांकडून त्याने ज्या पाच अपेक्षा केल्या, त्यांपैकी एक अशी, की समाजातल्या निरनिराळ्या गटांचे खरेखुरे चित्र वृत्तपत्राने उभे करावे. मराठीत मात्र हे म्हणणे 27 वर्षे आधीच मांडले गेले होते. 31 जानेवारी 1920 रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्याच अग्रलेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातल्या पत्रांविषयी तक्रार केली, की बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते. एका जातीचे नुकसान झाले की त्याच बोटीत बसलेल्या दुसऱ्या जातींनाही ते भोवते, असा त्यांचा युक्तिवाद होता. बाबासाहेबांचा जन्म इंदूरच्या शेजारच्या महूचा. माध्यमातल्या प्रतिनिधित्वाचा विचार परदेशातून आयात झाला असे समजणाऱ्यांनी महूची वाट एकदा चालून यावे.

खातरजमेचा धडा मराठी पत्रकारितेला त्याहून आधी, आणि तोही एका संस्थानामुळे, मिळाला होता. कोल्हापूरचे दिवाण महाराजांचा छळ करतात अशी पत्रे ‘केसरी’ने छापली. ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी 1882 साली दोघांना शिक्षा झाली आणि 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. हा प्रसंग आपल्याकडे शौर्यकथा म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेही. पण हेतू शुद्ध असला आणि अन्याय होतो आहे अशी मनोमन खात्री असली, तरी हातातला कागद खरा आहे का हे वेगळे तपासावेच लागते, ही त्यातली दुसरी गोष्ट सांगायची राहून जाते.

इंदूरला माध्यमांच्या झोतात आणणारे प्रकरण 1925 चे. 12 जानेवारीच्या रात्री मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला आणि त्याच्यासोबतच्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. ती होळकर दरबारातून निघून गेलेली, आणि हल्लेखोर इंदूरहून आलेले. मुंबईच्या वृत्तपत्रांनी हे प्रकरण लावून धरले. पुढच्या वर्षी इंदूरचे महाराज तुकोजीराव तिसरे यांनी गादी सोडली. संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या लिखाणाला शिक्षा देणारा 1922 चा कायदा त्या वेळी जारी होता, हे लक्षात घेतले तर त्या वृत्तपत्रांचे धाडस कळते. सत्ताधाऱ्याला जाब विचारणे हे माध्यमाचे कर्तव्य त्यांनी पार पाडले, यात शंका नाही. तरीही एक गोष्ट सलते. आज शंभर वर्षांनीही या प्रकरणावर लिहिताना मुमताजची ओळख ‘नर्तकी’ अशी पहिल्या वाक्यात येते. ती जिवावरच्या हल्ल्यातून वाचून साक्षीला उभी राहिली, हे मागून येते. पीडितेची जात, पेशा आणि रूप आधी सांगायची ही खोड अजून मोडलेली नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा आता गुन्हा आहे (भारतीय न्याय संहिता, कलम 72). पण नाव गाळून गल्ली, शाळा, वडिलांचे दुकान असे सगळे छापले, तर त्या मुलीला शहरात कोण ओळखणार नाही?

5 जून 1947 रोजी इंदुरात ‘नईदुनिया’ सुरू झाले. राहुल बारपुते, राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी ही हिंदी पत्रकारितेतली तीन मोठी नावे या एका पत्रातून घडली. यांतले बारपुते मराठी घरातले. मराठी मातृभाषेच्या माणसाने हिंदी पत्राला वळण लावले आणि त्या हिंदीत माळव्याचा बोलीगंध राखला, ही या शहराच्या मिसळलेपणाची खूण आहे. ‘नईदुनिया’तला वाचकांच्या पत्रांचा स्तंभ विशेष गाजला, गावखेड्यातल्या शिक्षकाचे पत्रही तिथे मानाने छापले जाई. आणीबाणीत सेन्सॉरशिप आली तेव्हा या पत्राने संपादकीयाची जागा कोरी सोडली.

धार्मिक तणावाच्या बातमीत शब्द कोणता वापरायचा, हा या नोंदीतला सर्वांत अवघड भाग. दंगलीच्या बातमीत समाजांची नावे टाळावीत, आकडे भडक करून मांडू नयेत, असा संकेत भारतीय वृत्तपत्रांनी दीर्घकाळ पाळला. ‘दोन गटांत हाणामारी’ हे वाक्य त्यातून आले, आणि हिंदीत ‘समुदाय विशेष’. हेतू चांगला होता : नाव वाचून दुसऱ्या गावात सूड उगवला जाऊ नये. पण वाचक काही भोळा नसतो. हळूहळू ‘समुदाय विशेष’चा एकच अर्थ ठरून गेला. आज ‘विशिष्ट समाजाच्या तरुणाने’ असे छापले, की नाव छापण्यापेक्षा जास्त बोट दाखवल्यासारखे होते. त्यातून पुढे असे होते, की आरोपी एका समाजाचा असला तर ‘समुदाय विशेष’ येतो, आणि दुसऱ्या समाजाचा असला तर त्याचे फक्त आडनाव येते किंवा नुसता ‘युवक’. म्हणून आज नियम वेगळा हवा. घटना धर्मामुळे किंवा जातीमुळे घडली असेल, तर ते स्पष्ट, पुराव्यानिशी, दोन्हीकडून विचारून लिहावे. तसे नसेल, तर धर्म-जात लिहूच नये. मोटारसायकल चोरणाऱ्याच्या बातमीत त्याच्या पूजापद्धतीचे काय काम? भारतीय प्रेस परिषदेच्या आचारसंकेतांतही जातीचा उल्लेख, विशेषतः हीनत्व सूचित होत असेल तिथे, टाळावा असेच सांगितले आहे.

1 एप्रिल 2020 रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात करोनाच्या तपासणीसाठी गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. (बाखल म्हणजे इथल्या बोलीत घरांची दाटी असलेला मोहल्ला.) धावत सुटलेल्या डॉक्टरांची ती काही सेकंदांची क्लिप देशभर फिरली. गुन्हा खरा होता, संताप रास्त होता. पण क्लिपसोबत जे फिरले नाही तेही खरे होते : त्या दोन महिला डॉक्टरांपैकी एक स्वतः मुस्लिम होत्या, आणि दुसऱ्याच दिवशी दोघीही पुन्हा कामावर हजर झाल्या. बातमीत हे दोन्ही सांगितले असते तर ‘ते विरुद्ध आपण’ ही मांडणी टिकली नसती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या परदेशी सदस्यांवरचे करोनाकाळातले गुन्हे रद्द केले आणि त्यांच्याविरुद्ध छापील व इलेक्ट्रॉनिक माध्यमांत मोठा अपप्रचार झाल्याचे नमूद केले.

नावाचा पेच जागेलाही असतो. इंदूरजवळच्या धार इथल्या संरक्षित वास्तूला ‘भोजशाळा’ म्हणावे की ‘कमाल मौला मशीद’, इथेच बातमीदाराची बाजू ठरते असे दोन्हीकडचे वाचक मानतात. 2003 च्या पुरातत्त्व खात्याच्या आदेशाने मंगळवारी हिंदूंना पूजा आणि शुक्रवारी मुसलमानांना नमाज अशी विभागणी केली. वसंत पंचमी शुक्रवारी आली की पोलिस बंदोबस्त वाढतो. अशा ठिकाणी दोन्ही नावे लिहायला एक ओळ जास्त लागते. ती द्यावी.

नियमनाची यंत्रणा थोडक्यात अशी. न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या प्रेस आयोगाने 1954 मध्ये शिफारस केली, त्यातून 1966 मध्ये प्रेस परिषद आली. सध्याची परिषद 1978 च्या कायद्याची आहे. ती ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते, दंड करू शकत नाही, आणि वाहिन्या तिच्या कक्षेत नाहीत. वाहिन्यांना 1995 च्या केबल कायद्याखालची कार्यक्रम-संहिता लागू आहे, शिवाय त्यांच्या संघटनेची स्वनियमन संस्था आहे. पण सभासद नसलेल्या वाहिनीवर तिचा अंमल चालत नाही.

पैसे घेऊन बातमी छापण्याचा रोग 2009 च्या निवडणुकांत उघडा पडला. प्रभाष जोशींनी आयुष्याचे अखेरचे महिने या ‘पेड न्यूज’विरुद्ध लिहिण्या-बोलण्यात घालवले, त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. नाना जातीधर्मांच्या समाजात या रोगाचे दुखणे दुहेरी आहे. ज्या गटापाशी पैसा नाही, तो बातमीतूनच नाहीसा होतो.

नाहीसे होणे हीसुद्धा नीतीचीच बाब आहे. इंदूरची हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिथल्या कामगारांत माळवी, मराठी, उत्तर हिंदुस्थानी, हिंदू, मुसलमान सगळेच होते. थकीत रकमेचा प्रश्न सुटायला डिसेंबर 2023 उजाडले. या तीस वर्षांत किती कामगार वारले, त्यांच्या विधवांनी किती खेटे घातले, हे लिहीत राहायला चिकाटी लागते, कारण त्यात रोज नवे काही घडत नाही. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्यांचे (मिरवणुकीतल्या सजवलेल्या देखाव्यांचे) फोटो मात्र दरवर्षी पहिल्या पानावर येतात.

चूक दुरुस्त करण्याची पद्धत फार दुबळी आहे. चुकीची बातमी पहिल्या पानावर चार स्तंभी येते, खुलासा आतल्या पानावर कोपऱ्यात. इंदुरात पोहे रद्दी पेपरच्या तुकड्यावर मिळण्याची रीत होती. शेव-जिरावन घातलेल्या पोह्यांखाली कालचा मथळा असे, आणि गाडीभोवती उभी असलेली अनोळखी माणसे कोणाचे तरी नाव वाचत. खुलाशाला असे वाचक कधी मिळाले नाहीत. खुलासा मूळ बातमीच्याच पानावर, तेवढ्याच मथळ्याने छापणे अवघड नाही. संकेतस्थळावर तर जुन्या बातमीच्या वरच दुरुस्ती लावता येते, तारखेसह.

आता बातमी मोबाइलवरच्या फॉरवर्डमधून येते, आणि इथे इंदूरच्या मराठी घरांचा अनुभव वेगळा आहे. हिंदीतला संदेश आला तर माणूस थोडा तरी थबकतो. पण तोच मराठीत, ‘पुण्याच्या मामांनी पाठवलाय’ म्हणून आला, की न वाचता पुढे जातो, कारण आपल्या भाषेत आलेले आपल्या माणसाने तपासलेलेच असणार असे वाटते. शुद्ध, आर्जवी मराठीत लिहिलेल्या द्वेषाला घरात पाऊल टाकायला दार वाजवावे लागत नाही. अलीकडे काही कौटुंबिक गटांत थोरांनी एक रीत पाडली आहे : असा संदेश आला की कोणी तरी शांतपणे विचारतो, ‘मामा, हे कुठे छापून आलंय?’ पुष्कळदा उत्तर येत नाही, आणि थोड्या वेळाने तो संदेश काढलेला दिसतो.