दृष्टिपटल-विलगतेनंतरचे ओसीटी चित्रण

सुटलेला पडदा (दृष्टिपटल) शस्त्रक्रियेने बसवल्यानंतर त्याच्या थरांचा छेद प्रकाशाच्या साहाय्याने तपासण्याची ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) ही पद्धत. पडदा जागेवर बसला, तरी काही रुग्णांना नीट दिसत नाही. असे का, याचे उत्तर बहुतेकदा याच चित्रात सापडते.

पडद्याला पडलेले छिद्र बंद केल्याशिवाय तो बसत नाही, हे स्वित्झर्लंडमधील लोझानचे नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनां यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिले. त्याआधी सुटलेला पडदा म्हणजे जवळजवळ हमखास अंधत्व. मात्र बसलेल्या पडद्याच्या आत काय चालले आहे, हे जिवंत डोळ्यात पाहण्याची सोय 1991 मध्ये ओसीटीचे तंत्र प्रसिद्ध झाल्यावरच झाली. अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावर चालणारी आजची यंत्रे काही मायक्रॉनपर्यंतचा तपशील दाखवतात.

प्रकाशग्राही पेशींना प्राणवायू आणि पोषण मुख्यतः पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून मिळते. पडदा सुटला की हा पुरवठा तुटतो आणि पेशींची बाहेरची टोके झिजू लागतात. मध्यबिंदू (मॅक्युला, म्हणजे बारीक तपशील पाहणारा पडद्याचा मधला भाग) सुटण्याआधीच शस्त्रक्रिया झाली तर दृष्टी बरीच टिकते. तो सुटला असेल तर प्रत्येक दिवसाचा उशीर महागात पडतो. पडदा बसल्यावर ही टोके पुन्हा वाढतात, पण सावकाश. म्हणून नजर कित्येक महिने, कधी वर्षभरानंतरही, सुधारत राहते. ओसीटीत डॉक्टर विशेषतः दोन रेषा पाहतात: बाह्य सीमापटलाची (प्रकाशग्राही पेशींच्या थरातील सीमारेषा) आणि तिच्यामागची एलिप्सॉइड रेषा (याच पेशींच्या बाहेरच्या भागाची खूण). पहिली अखंड असेल तर तुटलेली दुसरी पुढे जुळून येऊ शकते. दोन्ही तुटलेल्या असतील तर फारशी आशा धरता येत नाही.

मध्यबिंदूखाली थोडे पाणी उरणे हे बकल शस्त्रक्रियेनंतर (डोळ्याच्या बाहेरून पट्टी बसवून पडदा जोडण्याची पद्धत) विशेष आढळते. साध्या तपासणीत ते सहसा दिसत नाही, जिरायला महिने लागतात, आणि केवळ त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची घाई बहुधा अनाठायी असते. पडद्यावर धरलेली पातळ झिल्ली, सूज किंवा बाहेरच्या थरांतील घड्याही ओसीटीत दिसतात. पडदा दाबून धरण्यासाठी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलेला असेल, तर तो पुरेसा विरेपर्यंत स्वच्छ चित्र मिळत नाही.

सरळ रेषा वाकड्या दिसण्याची तक्रार असेल तर स्वयंप्रदीप्ती चित्रणही (डोळ्याच्या मागच्या थरांतून आपोआप निघणारा मंद प्रकाश टिपणारे) करतात. पडदा मूळ जागेपासून किंचित सरकून बसला असल्यास, रक्तवाहिन्या पूर्वी जिथे होत्या तिथे त्यांना समांतर उजळ रेषा उमटलेल्या दिसतात.